सात नंबरची सहा काडतुसं

पहिल्या घराची गं कडी लागली का बघ
दुसऱ्या घरापाशी थांब, नको लगबग
तिसरं नि चौथं जशा सख्ख्या जावा-जावा
एकीचं दुसरीला कळू नये, कान लावा
पाचव्याला पुसावं, "बाई, अडतं का काही?"
सहाव्याला पोचल्याबिगर झालं म्हणू नाही

हा आवाज तिने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. कारखान्याच्या तपासणी हॉलच्या दारात, नोकरीचं पत्र घामेजल्या मुठीत धरून उभी होती. आत लांबलचक टेबलापाशी नऊ बायका ओळीने बसलेल्या, आणि आवाज सातव्या खुर्चीतून येत होता. गाणं म्हणावं इतका मोठा नाही, पुटपुटणं म्हणावं इतका बारीक नाही. त्या बाईंच्या हातात कोरी करकरीत रिव्हॉल्व्हर होती. अंगठ्याने त्या घोडा सावकाश मागे ओढत, तसा सहा घरांचा सिलिंडर एकेक घर पुढे सरके, आणि दर घराला गाण्याची एक ओळ. सहावी ओळ संपली की हातोडी वर, शिक्क्यावर ठक्. पोलादावर तिळाएवढा '७' उमटायचा.

मान वर न करता त्या म्हणाल्या होत्या, "आत ये नाहीतर बाहेर जा. दारात उभी राहून उजेड काय अडवतेस?"

ती आत गेली ती कायमचीच. चार वर्षांनी त्याच बाई तिच्या सासूबाई झाल्या.

हॉलमध्ये मात्र नाती चालत नसत. तिथे नऊही जणींना नंबरानेच हाक मारायची, ही जुनी रीत. सासूबाई म्हणजे सात नंबर. हॉलच्या मागच्या भिंतीपलीकडे दुरुस्तीची खोली होती. विकलेली नवी रिव्हॉल्व्हर वॉरंटीत परत आली की ती तिथे यायची, आणि तिथे बसायची सून. तिला नंबर नव्हता, शिक्काही नव्हता. तिला सगळे 'वॉरंटी' म्हणत.

"सासूने पास करायचं आणि सुनेने निस्तरायचं," तीन नंबर हसायची. "एका घरात दोन्ही दुकानं! नवऱ्याला कोण पास करतं गं?"

"तो वॉरंटी संपलेला माल आहे," वॉरंटी म्हणायची, आणि हॉल खदखदून हसायचा. सात नंबरसुद्धा ओठ दाबून हसायच्या, पण हातातल्या नगाचं सहावं घर झाल्यावरच.

हसणं वरवरचं नव्हतं, कारण निस्तरायला सात नंबरचं काही येतच नसे. एकतीस वर्षांत त्यांच्या शिक्क्याचे परत आलेले नग हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके, आणि तेही कुणी पायरीवर आपटलेले, कुणी पाण्यात बुडवलेले. वॉरंटीला याचा केवढा अभिमान! कुठे लग्नकार्यात कुणी विचारलं, तुमच्या सासूबाई काय करतात, तर ती ताठ बसून सांगायची, "त्यांचा अंगठा बोलतो."

एक गोष्ट मात्र तिच्या मनात कुसळासारखी होती. तपासणी हॉलमध्ये बसायचं म्हणून तिने तीनदा अर्ज केला होता, आणि तिन्ही वेळा चिठ्ठी परत आली होती, 'सध्या दुरुस्तीतच आवश्यक.' कारखान्यात कुणाच्या शब्दाला वजन आहे हे तिला ठाऊक होतं. तिने कधी विचारलं नाही, आणि घरी एकाच ताटलीतला पापड मोडून खाणाऱ्या सासूबाईंनी कधी सांगितलं नाही.

त्या मंगळवारी दुरुस्तीच्या खोलीच्या खिडकीपाशी एक वनरक्षक येऊन उभा राहिला. दाराएवढा माणूस, मिशा अशा की त्यांना वेगळी खुर्ची द्यावी. तो तिसऱ्यांदा आला होता.

"बाई, ही रिव्हॉल्व्हर आहे का रुसलेली जाऊबाई?" त्याने फडक्यात गुंडाळलेला नग पुढे सरकवला. "घेऊन चार महिने झाले नाहीत. तीन पावलं चालते आणि चौथ्याला हटून बसते. रानात डुक्कर अंगावर आलं तर त्याला काय सांगू, थांब बाबा, हिची समजूत काढतो?"

तिने कार्ड काढलं. मागच्या दोन्ही खेपांना तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'तपासले. दोष आढळला नाही.' खाली तिचीच सही.

"माझ्यासमोर बघा," तो म्हणाला.

ती भिंतीपलीकडे गेली आणि रीतीप्रमाणे सात नंबरचा संच मागून आणला. संच म्हणजे सहा खोटी काडतुसं. आत दारू नाही, गोळी नाही, नुसतं भरीव पितळ, पण मापाने खऱ्यासारखी. रिकामा सिलिंडर कसाही फिरतो. काडतुसं भरली की त्यांची बुडं मागच्या पोलादी भिंतीला घासतात का, ते कळायला हा संच. प्रत्येक तपासनीस बाईचा आपला संच असे. पण सात नंबरचा संच त्यांना त्यांच्या गुरुबाईंनी नोकरी सोडताना ओंजळीत दिलेला. दोघींमध्ये वाद पडला, की नग चालतो का अडतो, तर निवाडा त्याच संचावर व्हायचा. बाकी सगळ्यांचे संच दरवर्षी हत्यारखोलीत, मापाच्या यंत्रांपाशी, मोजायला जात. सात नंबरचा कधी गेला नाही. ज्याच्यावर बाकीचे ताडून बघायचे, त्याला कशावर ताडणार?

तिने सहाही काडतुसं भरली, अंगठ्याने घोडा ओढला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. लोण्यातून सुरी.

"चालतेय की हो."

"तुमच्या खोट्यांनी चालते," वनरक्षक शांतपणे म्हणाला. "माझ्या खऱ्यांनी अडते. मी काय हौसेने तीनदा दीड दिवसाचा प्रवास करतो?"

त्याचं बोलणं तिला रास्त वाटलं. खरी काडतुसं दुरुस्तीच्या खोलीत आणायला बंदी होती, म्हणून ती त्याला मागच्या चाचणीच्या आवारात घेऊन गेली. वाळूच्या पोत्यांसमोर, आवार सांभाळणाऱ्याच्या देखत, नळी पोत्यांकडे धरून त्याने आपली सहा काडतुसं भरली आणि घोडा सावकाश ओढला. एक. दोन. तीन. आणि चौथ्याला सिलिंडर अर्ध्यावर थबकला, जणू कुणी आतून दार धरून ठेवलंय.

नग ठेवून घेऊन तिने त्याला पावती दिली आणि म्हणाली, "दादा, तुमचं खरं होतं. माझं चुकलं." मिशांवरून हात फिरवत तो म्हणाला, "एवढं ऐकायलाच आलो होतो म्हणा ना."

मग ती हत्यारखोलीत गेली. नवा कोरा संच घेतला, सात नंबरचा घेतला आणि मायक्रोमीटरने एकेक काडतुसाच्या बुडाची कड मोजली. नव्याची बरोबर मापात. सात नंबरच्या सहाही काडतुसांची कड कमी. फार नाही, दोन केसांइतकी. तिला वाटलं यंत्र चुकतंय. पुसून पुन्हा मोजलं. तेच.

पितळ आपोआप झिजत नाही. आणि मग तिच्या डोळ्यांसमोर घरातली सकाळ उभी राहिली. चहा झाला की सासूबाई खिडकीपाशी बसत. मऊ कापडाच्या घडीतून सहाही काडतुसं काढत, पॉलिशचा एक थेंब घेत आणि एकेक चोळून आरशासारखं करत. "हत्याराला रोज तोंड धुवायला लागतं," म्हणत. रोज. एकतीस वर्षं. ज्या मायेने ती लखलखत होती, त्याच मायेने ती झिजली होती.

इतकी वर्षं ते लपलं होतं, कारण माल बिनचूक येत होता. सहा महिन्यांपूर्वी कारखान्यात नवं मशीन आलं, आणि त्याने मागची भिंत केसभर पुढे सोडायला सुरुवात केली. खऱ्या काडतुसांना फट पुरेना. झिजलेल्या खोट्यांना ती पुरून उरायची.

तिने परत आलेल्या नगांची फळी बघितली. वनरक्षकाचा धरून अकरांपैकी नवांवर तिळाएवढा सात; दोष सापडला नव्हता, म्हणून हे तिने आजवर सात नंबरच्या हिशेबात धरलेच नव्हते. कार्डांचा गठ्ठा सोडला. 'दोष आढळला नाही', 'दोष आढळला नाही', पानोपानी तिचीच सही. पलीकडे बांधणीच्या खोलीत दोनशे नव्या रिव्हॉल्व्हरच्या पेट्या रचलेल्या होत्या. वनखात्याची मागणी, सगळ्याच्या सगळ्या सात नंबरच्या शिक्क्याच्या, कारण खात्याने तोच शिक्का मागितला होता. शुक्रवारी गाडी निघणार होती.

कारखान्याचा नियम साधा होता. एका शिक्क्याचे दहा नग एकाच दोषाने परत आले, तर तो शिक्का काढून घ्यायचा आणि साहेबांच्या कपाटात तीन महिने कुलूपबंद करायचा. आजवर दोघींचा गेला होता. त्यातली एक दुसऱ्या दिवसापासून कामाला आलीच नाही.

नऊ नग तिने टेबलावर मांडले. पोलादी भिंत केसभर घासून नऊही दुरुस्त केले. पण कार्डावर 'शिक्का क्रमांक' असा रकाना होता, तिथे तिची लेखणी अडली. तो तिने रिकामा सोडला.

बुधवारी संध्याकाळी जेवताना सासूबाई खुशीत होत्या.

"साहेब म्हणाले, सात नंबर, तुमच्या नावावर गाडी चाललीय. मी म्हटलं, नावावर नाही, अंगठ्यावर."

"आई, त्या अंगठ्याचा विमा उतरवू या," नवरा म्हणाला.

"आधी तुझ्या जिभेचा उतरव."

वॉरंटीने घास गिळला. "आई, तुमचा संच एकदा हत्यारखोलीत दाखवून घ्यायचा का? सहज आपलं."

सासूबाईंचा हात थांबला. "सहज? अगं, उद्या म्हणशील, पट्टी सरळ आहे का ते रेघेला विचारू." आणि मग हसून, "तू जेव. चेहरा किती उतरलाय. काम फार पडतंय का?"

तो शेवटचा प्रश्न तिला सगळ्यात जास्त लागला. ती उठून भांडी विसळत राहिली. मनात एकच हिशेब चालला होता. एका बाजूला या घराची ताठ मान, एकतीस वर्षांची. दुसऱ्या बाजूला रानात एकटा उभा असलेला कुणीतरी मिशाळ माणूस, आणि चौथ्या घराला अडलेला सिलिंडर. हिशेब कसा मांडायचा ते तिला याच बाईंनी शिकवलं होतं, त्यामुळे उत्तर चुकवता येईना.

गुरुवारी सकाळी ती हॉलमध्ये गेली. एका हातात मायक्रोमीटर, दुसऱ्यात नवा संच. सात नंबर नेहमीच्या लयीत होत्या. तिने सहावी ओळ संपू दिली, शिक्का पडू दिला.

"सात नंबर," ती म्हणाली. "तुमचा संच मोजायचाय. इथेच, तुमच्यासमोर."

बाकीच्या आठही खुर्च्या वळल्या. तीन नंबरच्या तोंडातला विनोद तोंडातच राहिला.

सात नंबरनी हातोडी खाली ठेवली. मग चष्मा चढवला, हात पुढे केला. "यंत्र इकडे दे. माझं मी मोजते."

पहिलं मोजलं. दुसरं मोजलं. सहाव्यानंतर पुन्हा पहिल्याकडे आल्या. तीनदा मोजलं.

"नवा संच दे."

आत्ताच पास केलेला नग त्यांनी उचलला, नवी काडतुसं भरली. अंगठा घोड्यावर गेला आणि ओळी सुरू झाल्या, त्याच संथ सुरात. पहिलं घर. दुसरं. तिसरं. चौथ्या ओळीला गाणं मध्येच तुटलं. त्या हॉलमध्ये ते गाणं अर्धवट राहिलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"कधीपासून माहीत आहे?"

"मंगळवारपासून."

"आज गुरुवार." एवढंच म्हणाल्या. तिने मान खाली घातली, कारण ते दोन दिवस खरंच तिचे होते, ते दुसऱ्या कुणाच्या पदरात घालता येणार नव्हते.

सात नंबर उठल्या. पदर खोचला आणि थेट बांधणीच्या खोलीत गेल्या. "पेट्या उघडा."

साहेब धावत आले. "अहो, उद्या गाडी आहे! सगळ्या कशा उघडता? पाच-दहा नमुन्याला बघू."

"पाच-दहा रानात जाणार आहेत का साहेब, का दोनशे?"

"मग दुसऱ्या कुणाला तपासू द्या. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

"माझ्या हातून निसटलं ते माझ्याच हातून सापडणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढंच करा, खुर्ची इथे आणवून द्या. आणि गाडीवाल्याला चहा पाजा, रविवारपर्यंत."

दोन दिवस त्या पेट्यांमध्ये बसून होत्या. दोनशे नग, बाराशे घरं. वॉरंटी शेजारी बसून अडलेले नग बाजूला काढत होती, कार्ड लिहीत होती. हॉलमधल्या बायका कामातून उठून आळीपाळीने दारात येऊन बघत. कुणी म्हणालं, "थोडं टेकता का सात नंबर?" तर "सहावं घर राहिलंय." शुक्रवारी दुपारी शेवटचा नग खाली ठेवला तेव्हा अडलेले त्रेसष्ट निघाले होते. तीन नंबरने मग नव्या संचाने सगळ्या दोनशेंवर पुन्हा एक फेर टाकला. त्रेसष्टच. एक कमी नाही, एक जास्त नाही. संच बरोबर दिला तर अंगठा आजही बोलत होता, आणि वॉरंटीने तो आकडा कार्डावर ठळक गिरवला.

मग विकलेल्या मालाचं पत्र निघायचं होतं. साहेब चांगला माणूस. त्याने हळूच मसुदा पुढे केला. "असं लिहू या, नवीन मशीनच्या तांत्रिक दोषामुळे. खोटं नाहीच ते. तुमचा शिक्का राहील, कुणाला काही कळायचं नाही."

सात नंबरनी कागद वाचला आणि उलटा घातला.

"मशीनने चूक केली, खरं. पण शिक्का मशीन मारत नाही. लिहा, सात क्रमांकाच्या शिक्क्याचे गेल्या सहा महिन्यांतले सगळे नग परत मागवत आहोत, तपासणीची चूक झाली आहे, दुरुस्ती आमच्या खर्चाने. आणि खाली माझं पूर्ण नाव घाला. नंबर नाही, नाव."

वॉरंटीने गठ्ठा पुढे केला. "आणि याच्यावर माझं. मीही दोष नाही म्हणून सह्या केल्यात. आणि हे रकाने." रिकाम्या सोडलेल्या नऊ रकान्यांत तिने त्यांच्यादेखत नऊ वेळा सात लिहिला.

शिक्का सात नंबरनी स्वतःच साहेबांच्या टेबलावर ठेवला. कुणी मागायच्या आत, ताठ मानेने, दागिना गहाण नव्हे तर आहेर द्यावा तसा. नियमाप्रमाणे तीन महिने तो कपाटात राहणार, आणि त्या तीन महिने दुरुस्तीच्या खोलीत बसणार, असं ठरलं.

सोमवारी हॉलमध्ये हलकल्लोळ. "ऐकलंत का! सासू सुनेच्या हाताखाली! आता ती चहा मागणार आणि या आणणार!"

"चहा आणीन," सासूबाई जाता जाता म्हणाल्या. "पण साखर मी ठरवणार."

दुरुस्तीच्या खोलीत अडलेल्या त्रेसष्ट नगांचा ढीग होता. पत्रं पोचतील तसे अजून येणार होते. सासूबाई बाकावर बसल्या, कानस उचलली आणि पहिल्याच नगाची भिंत घासायला लागल्या.

"इतका जोर नको," वॉरंटी म्हणाली. "भिंत वाकडी होईल. श्वास सोडता सोडता घासा, घेताना नाही."

सासूबाईंनी एकदा चष्म्यावरून बघितलं, मग श्वास सोडून घासलं. "हं. हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. सोळा वर्षांत आपोआप आलं."

दुपारी साहेबांची चिठ्ठी आली. सातवी खुर्ची रिकामी आहे, तीन महिने वॉरंटीला तिथे बसवावं का, सासूबाईंचं मत कळवा. चिठ्ठी आणणारा दारात ताटकळत उभा. वॉरंटी समोरच्या नगावर नको तितकी वाकली. चौथी चिठ्ठी. तिला वाटलं, आता कानशीच्या आवाजात डोकं खुपसून बसावं.

सासूबाईंनी कानस ठेवली. चिठ्ठीवर 'बसवावं' एवढंच लिहून माणसाला पाठवून दिलं. मग बोटांवरचा पोलादाचा चुरा झटकला.

"आधी तीनदा मीच नको म्हटलं होतं."

"माहीत आहे आई."

"नको म्हटलं ते माहीत आहे. का म्हटलं ते नाही." त्यांचा आवाज हॉलमधला राहिला नव्हता, घरातलाही नव्हता. "तुझा हात कच्चा म्हणून नाही गं. दहा वर्षं झाली, तुझा हात माझ्यापुढे गेलाय, ते मला तेव्हाच कळलं होतं. पण तू भिंतीपलीकडे बसलेली असायचीस ना, म्हणून मी बिनघोर शिक्का मारायची. वाटायचं, माझं काही चुकलंच तर हिच्या हातातून सुटायचं नाही. तू पुढे येऊन बसलीस तर माझ्यामागे कोण उरणार, ही भीती होती. माझ्या सोयीसाठी मी तुझी खुर्ची अडवली, आणि वर तोंड मिटून बसले. तीन वेळा."

सासूबाईंनी दुसरा नग ओढून घेतला, आणि त्याच्याकडेच बघत म्हणाल्या,

"या कारखान्यात माझ्यावर नजर ठेवावी अशी मला एकच दिसली होती. तिला मी घरात आणली. अन् तिलाच कधी सांगितलं नाही, की मला तिचा किती अभिमान आहे."